वाचक विचारतात : थेयर यांना वेस्ट पॉईंटचे जनक का म्हणतात?

प्रश्न : अमेरिकेतील वेस्ट पॉईंट येथील लष्करी अकादमी १८०२ साली स्थापन झाली आणि जोनाथन विल्यम्स हे तिचे पहिले प्रमुख होते, असे वाचले. तरीही तिचे जनक म्हणून सिल्व्हेनस थेयर यांचे नाव का घेतले जाते? शिवाय एवढे नाव कमावून त्यांनी पद का सोडले?

उत्तर : आरंभीच्या प्रमुखपदाचा मान विल्यम्स यांचाच आहे. मात्र पुढची पंधरा वर्षे तेथे कोणी केव्हा दाखल व्हावे आणि किती काळात अधिकारी होऊन बाहेर पडावे, याला धड घडी बसलेली नव्हती. स्वतः थेयर डार्टमथ कॉलेजातील शिक्षण आटोपून १८०७ मध्ये तेथे आले आणि वर्षभरातच अधिकारी झाले. पुढे १८१५ मध्ये सरकारने त्यांना युरोपातील किल्ले व लष्करी विद्यालये पाहण्यासाठी पाठवले. पॅरिसच्या पॉलिटेक्निक विद्यालयाची पद्धत अभ्यासून आणि सुमारे हजार ग्रंथ घेऊन ते परतले, तेव्हा अध्यक्ष मन्रो यांनी त्यांना वेस्ट पॉईंटवर नेमले. २८ जुलै १८१७ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली, पण आधीचे प्रमुख कॅप्टन पार्ट्रिज यांनी परत येऊन अधिकार बळकावले आणि प्रकरण लष्करी न्यायालयापर्यंत गेले.

थेयर यांचे खरे काम वर्गात दिसते. त्यांनी कॅडेटांच्या लहान तुकड्या पाडल्या, त्याही गुणानुक्रमाने, आणि प्रत्येकाने रोज फळ्यासमोर उभे राहून आपला धडा मांडावा, अशी पद्धत घालून दिली. व्याख्यान ऐकून मागच्या बाकावर लपण्याची सोयच उरली नाही. रोजचे गुण नोंदले जात, त्यावरून तुकडी बदले, आणि शिक्षण संपताना लागलेल्या गुणक्रमावरून अधिकारी लष्कराच्या कोणत्या शाखेत जाणार हे ठरे. वरचे बहुधा इंजिनिअर होत. थेयर यांच्या मेजाला बारीक खण होते व त्यांत कॅडेटांच्या उधारीचे ताजे हिशेब ठेवलेले असत. समोर उभ्या असलेल्या मुलाला ते खण दिसत नसत. आपण किती देणे लागतो हे या साहेबांना तोंडपाठ कसे, याचे त्याला नवल वाटे.

या घडीत वशिल्याला जागा नव्हती, आणि संघर्षाचे मूळही तेथेच होते. अकादमीने काढून टाकलेल्या कॅडेटांना अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन पुन्हा दाखल करून घेऊ लागले. माझ्या मते शिस्तीसाठी यापेक्षा घातक काही नाही, कारण एका मुलाला मिळालेली सूट बाकी सगळे पाहत असतात. थेयर यांनी कॅडेटांचे कमांडंट हिचकॉक यांना जॅक्सन यांच्याकडे पाठवून बाजू मांडली, परंतु उपयोग झाला नाही. अखेर १८३३ मध्ये, सोळा वर्षांनंतर, त्यांनी पद सोडले.

त्यानंतर बॉस्टन बंदराच्या तटबंदीचे काम त्यांनी अनेक वर्षे पाहिले. डार्टमथला इंजिनिअरिंगचे विद्यालय काढण्यासाठी त्यांनी स्वतःचा पैसा दिला. ते अविवाहितच राहिले. १८७२ मध्ये ब्रेनट्री या जन्मगावी त्यांचे निधन झाले आणि १८७७ मध्ये त्यांचे अवशेष वेस्ट पॉईंटच्या दफनभूमीत आणण्यात आले.