मे नको, मार्चची पहाट धरा

राम राम भाऊ. ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), साधा डीएसएलआर कॅमेरा, चोपड्याजवळचा मळा, आणि मे महिन्यात ३ तास टिपूनही एबल २०६५ या दीर्घिकांच्या गुच्छाच्या जागी नुसते रंगीत ठिपके. दुर्बीण लहान पडली का, असं तुम्ही विचारलंत. दुर्बीण पुरेशी आहे. नडलाय तो आपल्याकडचा उन्हाळा.

उत्तर मुकुट तारकासमूहातला हा गुच्छ सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. त्यातल्या सर्वांत तेजस्वी दीर्घिकाही १६व्या प्रतीच्या आसपास (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका उजेड मंद). इतका मंद उजेड सेन्सरच्या स्वतःच्या उष्णतेत सहज बुडतो. दर ६ अंशांना ही उष्णतेची खरखर निर्माण करणारा प्रवाह साधारण दुप्पट होतो. मेमधल्या रात्री आणि मार्चच्या पहाटेत १२ अंशांचा फरक धरला, तर चौपट!

मुकुट मे महिन्यात मध्यरात्री डोक्यावर येतो म्हणून सगळे तेव्हाच मागे लागतात. मीही दोन उन्हाळे असेच घालवले. पण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तो पहाटे २ ते ५ चांगला उंच असतो. त्याआधी, ११ ते २, अरुंधती केश तारकासमूहातला गुच्छ एबल १६५६ घ्या. तो साधारण ३२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यातली दीर्घिका एनजीसी ४८८९ जवळपास साडेअकराव्या प्रतीची, म्हणजे पहिल्याच रात्री हाती काहीतरी लागेल. तिच्याभोवतीचे बारके धुरकट ठिपके उमटले नाहीत, तर २०६५ कडे वळू नका. आधी फोकस आणि ट्रॅकिंग तपासा.

एक्स्पोजर २ मिनिटांची ठेवा, पण तीन-चार रात्रींची मिळून १० तासांची तरी जमवा. फ्रेम चौपट केल्या की खरखर निम्मी होते, त्याहून झटपट रस्ता नाही. डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या, नुसती खरखर टिपणाऱ्या) त्याच रात्री, त्याच गारव्यात घ्या. घरी येऊन घेतलेल्या जुळत नाहीत. नेब्युलाचा, म्हणजे तेजोमेघांसाठीचा, मोजकेच रंग सोडणारा नॅरोबँड फिल्टर काढून ठेवा. दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर तोच अडवतो. दुर्बीण दिवस मावळायच्या आत पत्र्याच्या शेडमधून बाहेर काढा, आरसा गार व्हायला वेळ लागतो. शेजारी पऱ्हाट्या जाळत असतील तर ती रात्र सोडून द्या. चंद्र असेल तरीही.

सगळ्या फ्रेम एकत्र रचून (स्टॅक) झाल्यावर पालोमार वेधशाळेच्या आकाश सर्वेक्षणाच्या चित्राशेजारी तुमचं चित्र ठेवा. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एबल यांनी त्याच सर्वेक्षणाच्या काचपट्ट्या डोळ्यांनी तपासून १९५८ साली २७१२ गुच्छांची यादी केली. तारा कडेला रेखीव दिसतो, दीर्घिका विरत जाते. असे पाच ठिपके जरी जुळले, तरी तुमच्या मळ्यातून २०६५ टिपला गेला म्हणा.