सरकारी कौशल्य प्रशिक्षणाने बेरोजगाराला खरंच काम मिळतं का? कमाई वाढते का?

मिळतं. पण सर्टिफिकेट हातात पडलं त्या महिन्यात नाही, आणि सेंटरवाले सांगतात तसं तर नाहीच.

मी हिंगणघाट तालुक्यातला, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रेच्यावर (सरकी काढायच्या मशीनवर) होतो. कापसाचा सीझन उठला की काम बंद. एका वर्षी तर मालकाने जिनिंग उघडलीच नाही. मग फुकटच्या इलेक्ट्रिशियन कोर्सला बसलो. हजेरीचा अंगठा रोज, मोटार मात्र कधी उघडून दाखवली नाही. शेवटी प्लेसमेंट म्हणून पुण्याजवळ चाकणला धाडलं, तिथे ठेकेदाराकडे पॅकिंग! खोलीभाडं अन् मेस जाऊन उरायचं ते गावातल्या मजुरीहून कमी. आलो परत. तेव्हापासून आमचे मोठे भाऊजी लग्न असो की तेरवी, चारचौघांत विचारतात, "काऊन साळेबुवा, त्या सर्टिफिकेटात भजे बांधले का?"

पण मल्टीमीटर (वीज मोजायचं यंत्र) धरायला मी त्या कोर्समध्येच शिकलो. तेवढ्यावर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायच्या, दुकानात हेल्पर म्हणून घेतलं. पहिलं वर्ष चहापाण्यावर गेलं. आता हरभऱ्याच्या ओलिताला लाइन रात्रीची, व्होल्टेज कमी. जळालेल्या मोटारी माझ्या दारात येतात आणि जिनिंगपेक्षा बरे पैसे सुटतात.

अर्थशास्त्राचे नोबेलवाले डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जगभरचे २०० हून जास्त अभ्यास एकत्र तपासले, २०१८ मध्ये छापले. अशा कार्यक्रमांचा फायदा पहिल्या वर्षी जवळपास शून्य, दोन-तीन वर्षांनी दिसतो. भाऊजी हिशोब पहिल्या दिवाळीलाच मागत होते!

तुम्ही करायचंच तर बँकेच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, चौकशी करा. मोटार रिवाइंडिंगचा ३० दिवसांचा कोर्स असतो, राहणं-जेवण फुकट. कुठेही नाव टाकण्याआधी मागच्या बॅचच्या पोट्ट्यांना गाठून काय करतात ते विचारा. भिंतीवरचे फोटो पाहू नका. आणि घरचं कोणी "महिने वाया घालवले" म्हणालं, तर रिकामं बसून त्या महिन्यांत काय कमावलं असतं ते त्यालाच विचारा. भाऊजींकडे याचं उत्तर नाही.

हां, गरीब देशांपुरतं पाहिलं तर अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांचा २०१७ चा आढावा सांगतो, शंभर जणांना शिकवलं तर न शिकवलेल्यांपेक्षा जेमतेम दोघंच जास्त कामाला लागतात. शिवाय माझ्या घरी थोडी शेती होती, म्हणून बिनपगारी वर्ष निघालं. तुमची चूल रोजच्या मजुरीवर असेल तर बरेच महिने चालणारा कोर्स धरू नका.