दोस्ती जोडप्याशी, व्यवहार घराशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी लग्नाच्या फोटोग्राफीच्या ऑर्डरी घेताय. पुढे वर्षाला मोजकीच लग्नं घ्यायची, जोडप्यांशी घरोबा ठेवायचा आणि त्यावरच धंदा उभा करायचा असा विचार आहे. पण ओळख वाढली की ‘दादा, थोडं कमी करा ना’ सुरू होतं, रात्री अकराला व्हॉट्सॲप वाजतं, आणि मैत्री नि धंदा एका ताटात जेवतात का अशी शंका येते.

जेवतात. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात मी रोलच्या कॅमेऱ्यापासून हेच करत आलोय. एका रोलमध्ये 36 फोटो असायचे तेव्हा माणसं ओळखल्याशिवाय बटण दाबणं परवडत नव्हतं, ती सवय तशीच राहिली.

आधी मैत्री कुठे होते ते सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. प्री-वेडिंगला सगळे फार महत्त्व देतात. पहाटे आयर्विन पुलावर नाहीतर पन्हाळ्यावर दोघांना नेलं, ड्रेस बदलले, धुराची कांडी पेटवली की झाली ओळख, असं वाटतं. त्याचा उपयोग एवढाच की दोघं कॅमेऱ्याला सरावतात. कॅमेऱ्यासमोर हात कुठे ठेवायचे हा प्रश्न सुटतो. पण तिथे घर नसतं. मला विचाराल तर केळवणाला जा. एक कॅमेरा, 35 मिमीची लेन्स, फ्लॅश बॅगेत. थोडे फोटो काढा, बाकी वेळ पाटावर बसून जेवा. कोणते काका कोणाशी बोलत नाहीत, कोणाचं सगळे ऐकतात, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, नवऱ्या मुलाची कोणती आत्या फोटो म्हटलं की आत पळते, हे सगळं त्या दोन तासांत कळतं. घरी आल्यावर नावं वहीत उतरवून ठेवायची. लग्नात ‘ओ काका, सरका’ म्हणणारा फोटोग्राफर आणि नावाने हाक मारणारा फोटोग्राफर यांना मिळणारे चेहरे वेगळे असतात.

एक उदाहरण देतो. एका मुलीचे थोरले मामा, अंगाने भरदार, केळवणात माझ्या शेजारीच बसले होते. लग्नात अंतरपाटाच्या वेळी मुलीच्या मागे तेच उभे राहणार हे कळलं, तेव्हा जेवताजेवता त्यांना सांगून ठेवलं, “मामा, शेवटच्या ‘सावधान’ला तुमच्या मागून पन्नास मोबाईल वर येतात. माळ घालेपर्यंत ती पोरं तुम्हीच आवरायची.” लग्नाच्या दिवशी मंगलाष्टका संपत आल्या तशी त्यांनी दोन्ही हात पसरले आणि मागची सगळी गर्दी छातीने अडवून धरली. अंतरपाट बाजूला झाला, दोघांची नजर एकमेकांवर गेली, आणि मला चार-पाच सेकंद मोकळी फ्रेम मिळाली. अक्षता उडतायत, पण मध्ये एकही हात नाही. तो फोटो लेन्सने जेवढा दिला तेवढाच मामांनी दिला. अशा वेळी कॅमेऱ्याची किंमत कोण विचारतो?

जोडप्याशी गट्टी जमली तरी लग्न दोन घरांचं असतं हे विसरू नका. मुलगा-मुलगी म्हणतात, ‘दादा, आम्हाला स्टेजवरचे गटफोटो नकोत, फक्त कॅनडिड.’ तुम्हालाही ते गोड वाटतं. मग अल्बम घरी जातो आणि मुलाची आई विचारते, ‘आमच्या नागपूरच्या जाऊबाईंचा फोटो कुठाय?’ म्हणून मी दोन्हीकडच्या आईवडिलांकडून एक यादी आधीच घेतो, ज्यांचा फोटो हवाच अशांची. आणि यादीत असो नसो, सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाचा एकट्याचा फोटो काढतो: खिडकीजवळ खुर्ची, चेहऱ्यावर सरळ उजेड, मागे साधी भिंत. दोन मिनिटांचं काम. दोन-चार वर्षांनी एखाद्या रात्री फोन येतो, ‘दादा, आजीचा एखादा नीट फोटो असेल का?’ भिंतीवर लावायचा असतो. तेव्हा गटफोटोतून कापलेला अस्पष्ट चेहरा द्यावा लागू नये. त्या फोटोचे पैसे मी घेत नाही. बहुतेक वेळा त्या घरातलं पुढचं लग्नही माझ्याकडेच येतं, पण कोणी तेवढ्यासाठी करू नये. समोरच्याला ते कळतं.

आता पैसे. मैत्रीत सवलत द्यायची नाही, आहेर द्यायचा. फरक मोठा आहे. दहा हजार कमी केलेत तर तो आकडा महिन्याभरात मुलीच्या चुलतभावापर्यंत जातो आणि तुमचा नवा भाव ठरून जातो. शिवाय कमी केलेली रक्कम कोणाला दिसत नाही. ‘मुळात जास्तच सांगितले असतील,’ एवढंच मनात राहतं. त्याऐवजी कोटेशनवर पूर्ण रक्कम लिहा, पूर्ण घ्या, आणि लग्नानंतर दोघांच्या आईवडिलांसाठी एक-एक छोटा अल्बम किंवा मोठी फ्रेम तुमच्याकडून न्या. ती वस्तू दिवाणखान्यात राहते आणि तिच्यावरून कोणी भाव करत नाही. अगदी बालमित्राचं लग्न असेल तर दोनच मार्ग: एक तर पाहुणा म्हणून जा आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या, नाहीतर पूर्ण ऑर्डर घ्या. अर्धा पाहुणा नि अर्धा फोटोग्राफर झालात तर पंगतही चुकते आणि सप्तपदीही.

कागद, म्हणजे लेखी करार, नेहमी करायचा. जवळच्या माणसाशी तर आधी करायचा, कारण त्याच्याशी नंतर भांडता येत नाही. माझा कागद दीड पानाचा, मराठीत. तारखा आणि विधी, हळदीपासून वरातीपर्यंत नेमकं काय-काय. माणसं किती येणार. बुकिंगला तीस टक्के, लग्नाच्या आदल्या आठवड्यात पन्नास, अल्बम हातात देताना वीस. लग्न पुढे गेलं तर काय, मोडलं तर काय, मी आजारी पडलो तर बदली कोण. या शेवटच्या कलमासाठी शेजारच्या गावांतल्या दोन-तीन चांगल्या फोटोग्राफरांशी माझा तोंडी करार आहे, ते माझ्यासाठी उभे राहतात, मी त्यांच्यासाठी. फोटो निवडायला 60 दिवस, त्यानंतर अल्बमचा दर नव्याने. हे कलम घालाच. दोस्तीतली जोडपी निवड करायला वर्ष लावतात, तोवर लॅबचे शीटचे दर वाढलेले असतात आणि वीस टक्के तुमचे अडकलेले. जीएसटीचंही एक वाक्य: सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते आणि फोटोग्राफीवर 18 टक्के आहे. मोजकी लग्नं चढ्या दरात घेणार असाल तर ती रेषा वाटते तेवढी लांब नाही, कोटेशनवर ‘कर वेगळा’ लिहायची सवय आत्ताच लावा.

सही कोणाची घ्यायची हा प्रश्न फार थोडे विचारतात. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. म्हणजे ‘फोटो मी काढले, म्हणून माझे’ हे लग्नाच्या धंद्यात आपोआप खरं ठरत नाही. बऱ्याच घरांत ऑर्डर मुलीचे वडील देतात आणि इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी तुम्हाला मुलीने हसत-हसत दिलेली असते. दोन्ही सह्या घ्या: पैशाचा कागद वडिलांचा, फोटो दाखवण्याची संमती दोघांची. संमतीतही वेगवेगळं लिहा. हळदीचे चालतील का, घरातल्या लहान मुलांचे चालतील का. आणि कधीही काढून टाकायला सांगता येईल हेही लिहा. माझ्याकडच्या एका जोडप्याचं पटलं नाही, वेगळे झाले. तिचा निरोप आला त्या संध्याकाळी त्या लग्नाचा एकूण एक फोटो इन्स्टाग्रामच्या पानावरून काढून टाकला. माझा सगळ्यात गाजलेला फोटो त्यात होता. असू दे. त्यांच्या घरी दोन्ही बाजूंशी माझं बोलणं आजही आहे.

रात्रीच्या मेसेजचं फार मनावर घेऊ नका. उत्तर सकाळी दहाला द्यायचं, नेमाने. चार वेळा सकाळीच उत्तर आलं की माणसं स्वतःहून दिवसा विचारायला लागतात. अपवाद लग्नाच्या आदल्या दोन रात्रींचा. तेव्हा मुलीचा फोन बाराला आला तरी उचला, पार्लरवाली आली नाही म्हणून आला तरी.

किती लग्नं घ्यावीत? दोन दिवसांच्या लग्नामागे भेटी, केळवण, फोटोंची निवड, रंगदुरुस्ती, अल्बम धरून त्याच्या तिप्पट-चौपट दिवस जातात. मुहूर्त तर सगळ्यांचे एकाच तारखांना येतात. तुळशीचं लग्न झालं की डिसेंबरपर्यंत धावपळ, मग पुन्हा एप्रिल-मे. एका तारखेला दोन ऑर्डरी घेऊन दुसरीकडे माणूस पाठवणारे खूप आहेत आणि त्यांचं काही चुकत नाही, त्यांची टीम विकली जाते. तुम्ही मात्र स्वतःला विकताय. जोडप्याने तुमच्याशी चहा घेतलाय, तिथे तिसराच पोरगा उतरला तर तो विश्वास गेलाच. म्हणून तारीख आधीच कोणाला दिलेली असेल तर नाही म्हणा, आणि नाही म्हणताना दुसऱ्या चांगल्या फोटोग्राफरचा नंबर द्या. चातुर्मासात हात रिकामे राहतात असं सगळे रडतात. माझ्याकडे त्या चार महिन्यांत अल्बम असतात, शिवाय मागच्या वर्षीच्या जोडप्यांची डोहाळजेवणं नि बारशी. एका लग्नाएवढे पैसे त्यात नसतात, पण महिना निघतो.

तांत्रिक बाजू तुम्हाला येत असेलच, तरी दोन गोष्टी. दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा नसेल तर ऑर्डर घेऊ नका, आणि घरी आल्यावर डेटा दोन डिस्कवर पडल्याशिवाय झोपू नका, एक डिस्क दुसऱ्या घरात. लाल-पिवळ्या मंडपाखाली हळद असेल तर कॅमेऱ्याच्या ऑटो रंगावर विसंबू नका. तो हळदीचा पिवळा मारून टाकतो आणि नवरी आजारी दिसते.

राहिला नोकरीचा प्रश्न. एक पूर्ण हंगाम ओळखीच्या ओळखीतून तारखा भरल्या, जाहिरात न करता, तर सोडा. त्याआधी नको, घरी हप्ता असेल तर नकोच. डिसेंबरची जी ऑर्डर तुम्ही तोंडी घेऊन बसलाय, त्यात मुलगा तुमचा मित्र आहे आणि मुलीकडच्यांना तुम्ही अजून पाहिलेलं नाही असं लिहिलंय. या रविवारी तिच्या वडिलांना घरी जाऊन भेटा. कागद सोबत न्या, कॅमेरा नेऊ नका. केळवण कधी आहे तेही विचारून या.