आंतरराष्ट्रीय शाळा आणि अकरावीचा प्रवेश

प्रश्न : माझे पती अनेक वर्षे कुवेतला नोकरीस होते, आता आम्ही कायमचे म्हापशाला परतलो आहोत. मुलगा तिथे ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत सहावीपर्यंत शिकला. इथे जवळच, गोव्यात राहणाऱ्या परदेशी कुटुंबांच्या मुलांसाठी काढलेली एक खासगी आंतरराष्ट्रीय शाळा आहे. तिथे घातले तर दहावीनंतर त्याला इथल्या उच्च माध्यमिक विद्यालयात प्रवेश मिळेल का? आणि मराठीचे काय?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द फलकावर कोणीही रंगवून घेऊ शकतो, म्हणून आधी संलग्नता पाहावी. शाळा केंब्रिज या ब्रिटिश परीक्षा मंडळाची असेल तर आपल्या मुलाला अभ्यासक्रम ओळखीचाच वाटेल. ती आयबीची, म्हणजे ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ या 1968 मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या संस्थेची, असेल तर मान्यता मिळालेली आहे की शाळा अजून ‘उमेदवार’ आहे, हे विचारावे. उमेदवार शाळेला डिप्लोमाच्या, म्हणजे आयबीच्या बारावीच्या, परीक्षेला विद्यार्थी बसवता येत नाहीत.

केंब्रिजची दहावी, म्हणजे आयजीसीएसई, आपल्याकडे चालते. मात्र भारतीय विद्यापीठ संघाच्या समकक्षतेच्या, म्हणजे ती इथल्या दहावीच्या बरोबरीची मानण्याच्या, अटी विषय निवडतानाच, म्हणजे नववीच्या सुरुवातीला, समोर असाव्यात. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती पालकांच्या फार उशिरा ध्यानात येते. मे-जूनमध्ये परीक्षा दिली तर निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि तोवर गोव्यातील अकरावीचे वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात. भारतातील शाळांना मार्चमध्येही परीक्षा घेता येते आणि तिचा निकाल मे महिन्यात हाती येतो. शाळा मुलांना कोणत्या सत्रास बसवते, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावे. ज्या शाळेतील बहुतेक मुले पुढे युरोपात जाणार, तिला मार्चची निकड वाटेलच असे नाही. बारावीपर्यंत आयबीतच ठेवून वैद्यकीयकडे वळवायचे मनात असेल, तर डिप्लोमाची परीक्षा आणि नीट दोन्ही मे महिन्यात येतात, हेही धरून चालावे.

शुल्काबद्दल इतकेच की, वर्ष मध्येच सोडल्यास किती परत मिळते ते विचारावे.

अशा एका शाळेत मी दप्तरे अडकवण्याच्या खुंट्या पाहिल्या होत्या. प्रत्येक खुंटीवर नावाची चिठ्ठी, आणि तिच्याखाली आधीच्या दोन-तीन नावांचे अर्धवट खरवडलेले कागद. पर्यटनाचा हंगाम संपला की काही कुटुंबे गोवा सोडतात. आपला मुलगा मात्र इथेच राहणार. त्याच्या वर्गात कायम राहणारी मुले किती, हा प्रश्न मला निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मराठी तिथे बहुधा नसेल. हिंदी दुसरी भाषा म्हणून केंब्रिजमध्ये घेता येते आणि तीच घ्यावी, म्हणजे देवनागरी सुटणार नाही. त्याला आज मराठी वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचायला सांगून पाहा. अडखळत का होईना वाचत असेल, तर आठवड्यातून दोन दिवसांची शिकवणी पुरेल. अक्षरेच येत नसतील, तर जूनची वाट न पाहता सुरुवात करावी.