बाबांच्या मोतीबिंदूसाठी ठेव मोडू का?

प्रश्न: बाबा ६९ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी चेन्नईत त्यांना हार्ट पंप (एलव्हीएडी, म्हणजे कमकुवत हृदयाला रक्त पुढे ढकलायला मदत करणारं यंत्र) बसवला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. घराजवळच्या दवाखान्यात मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दिसणाऱ्या) भिंगासह एका डोळ्याचे ८५,००० सांगतात. हृदयविभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात साध्या भिंगाचे ५५,०००. माझ्या कंपनीच्या विम्यातून साध्या भिंगासाठी डोळ्यामागे ४०,००० मिळतात, मल्टिफोकलला काहीच नाही. बाबांची ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतली १५ लाखांची ठेव मोडू का? १४ महिने झालेत, व्याज ८.२ टक्के.
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: नका मोडू. एक वर्ष झाल्यावर, पण दोन वर्षांच्या आत खातं बंद केलं की मुद्दलातून दीड टक्का कापतात, म्हणजे २२,५०० गेले. थोडीच रक्कम काढायची सोय या योजनेत नाही. दोन्ही डोळ्यांच्या १ लाख ७० हजारांसाठी १५ लाख मोकळे करायचे?

आणि पैसा चुकीच्या जागी जातोय. बाबांच्या बाबतीत भिंगापेक्षा जागा महत्त्वाची. पंपाच्या रुग्णाची नाडी बऱ्याचदा हाताला लागतच नाही, नेहमीच्या यंत्रावर बीपी नीट येत नाही. ज्यांनी असा रुग्ण पाहिलेला नाही, ते ऐन टेबलावर गडबडतील. पंपात गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असतं. थेंबांनी डोळा बधिर करून केलेल्या शस्त्रक्रियेत ते सहसा थांबवावं लागत नाही, पण हे पंपाच्या डॉक्टरांनी नेत्रतज्ज्ञांना लेखी कळवू द्या. कुणी सहज ‘चार दिवस गोळी बंद ठेवा’ म्हटलं तर ऐकू नका. गुठळी झाली तर त्या खर्चापुढे हा सगळा हिशेब चिल्लर आहे.

म्हणून मोठं रुग्णालय, साधं भिंग. वाचायला चष्मा लागेल. दोरी लावून गळ्यात अडकवा. पंपाची बॅटरी बदलताना, कंट्रोलरचा (पंप चालवणाऱ्या, शरीराबाहेरच्या यंत्राचा) पडदा वाचताना लागेलच. खरं तर त्यासाठीच हे ऑपरेशन फार लांबवूही नये.

विमा वजा जाता डोळ्यामागे १५,०००, दोन्हीचे ३०,०००. बाबांच्या ठेवीचं एका तिमाहीचं व्याज ३०,७५०! एक डोळा ऑक्टोबरचं व्याज जमा झाल्यावर, दुसरा जानेवारीत. (मोतीबिंदू थंडीतच काढावा हा जुना समज आहे, पण नागपूरच्या मे महिन्यात डोळ्याला पट्टी लावून बसण्यापेक्षा बरं.) कॅशलेसच्या अर्जात पंपाचा उल्लेख मात्र आधीच करा, आणि एक दिवस जास्त ठेवलं तर किती लागतील ते रुग्णालयाकडून लिहून घ्या.