चार कोटी रेकॉर्ड्स डिलीट केली, तरी डिस्क भरलेलीच!

प्रश्न : पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या लॉगच्या टेबलातून जुनी चार कोटी रेकॉर्ड्स डिलीट केली. डिस्कवर काहीच जागा सुटली नाही, उलट वापर वाढला. असं का?

उत्तर : डिलीट केलेलं रेकॉर्ड लगेच फाइलमधून जात नाही. त्याच्यावर फक्त खूण होते, कारण आधीपासून चालू असलेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला (एकत्र पूर्ण होणाऱ्या कामांच्या गटाला) ते अजून दिसायला हवं असतं. शिवाय एवढ्या मोठ्या डिलीटचा वॉल लॉगही (प्रत्येक बदलाची आधी लिहिली जाणारी नोंद) डिस्कवरच लिहिला जातो, म्हणून वापर वाढला. पुढे व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसचा साफसफाईचा कमांड, ती जागा मोकळी करतो, पण त्याच टेबलातल्या नव्या रेकॉर्ड्ससाठी. ऑपरेटिंग सिस्टिमला जागा परत मिळते ती फाइलच्या शेवटची पानं पूर्ण रिकामी झाली तरच, आणि लॉगमध्ये जुना डेटा बहुधा सुरुवातीला असतो.

तरी जागा परत मिळेल म्हणून 'व्हॅक्यूम फुल' चालवायची घाई करू नका. तो उरलेल्या डेटाची आणि इंडेक्सची नवी प्रत लिहितो, तेवढी जागा आधी हाताशी लागते. काम संपेपर्यंत टेबल वाचताही येत नाही. भरत आलेल्या डिस्कवर तो मध्येच बंद पडू शकतो.

आधी पीजी_स्टॅट_युजर_टेबल्स या आकडेवारीच्या व्ह्यूमध्ये डेड टपलचा (डिलीट होऊनही साफ न झालेल्या रेकॉर्ड्सचा) आकडा आणि शेवटच्या ऑटोव्हॅक्यूमची (आपोआप चालणाऱ्या व्हॅक्यूमची) वेळ पाहा. व्हॅक्यूम होऊनही आकडा उतरत नसेल, तर चालू सेशन्स दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असलेली जुनी सेशन्स शोधा. बऱ्याचदा कुणीतरी बिगिन करून, कमिट न करताच क्वेरी टूल तसंच सोडून दिलेलं असतं. बंद पडलेल्या रेप्लिकाचा (डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा) रेप्लिकेशन स्लॉट राहिला असेल तर तोही काढा. तो वॉलच्या फाइली साठवत बसतो.

ऑटोव्हॅक्यूम मूळ सेटिंगप्रमाणे साधारण २० टक्के रेकॉर्ड्स डेड झाल्यावर सुरू होतो. दहा कोटींच्या टेबलात म्हणजे दोन कोटी साचेपर्यंत! त्या टेबलापुरता ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर ०.०१ करा. पण लॉगला खरा उपाय महिनावार पार्टिशनचाच, म्हणजे दर महिन्याचा डेटा टेबलाच्या वेगळ्या भागात ठेवण्याचा. जुना महिना ड्रॉप केला की फाइलच जाते आणि व्हॅक्यूमला त्यात काम उरत नाही.

प्रश्न : रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट रोज 'यशस्वी' सांगते. तेवढ्यावर विसंबावं का?

उत्तर : अजिबात नाही. बॅकअप घेणारा पीजी_डंप पाइपने फाइल लहान करणाऱ्या जीझिपला जोडला असेल, तर शेलला शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (शून्य म्हणजे यशस्वी) मिळतो. डंप अर्ध्यात फसला तरी जीझिप शून्य देतं आणि स्क्रिप्टला सगळं आलबेल वाटतं. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ओ पाइपफेल' लिहा. जानेवारी २०१७मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली, तेव्हा कळलं की डंप होतच नव्हते : सर्व्हर ९.६चा, पीजी_डंप ९.२चा. फसल्याचे ईमेलही पोहोचत नव्हते.

दर आठवड्याला वेगळ्या मशीनवर रिस्टोर करा, मोठ्या टेबलांमधलं ताजं रेकॉर्ड कोणत्या तारखेचं आहे ते पाहा आणि रिस्टोरला किती वेळ लागला ते लिहून ठेवा.