ऑक्टोबरपासून जर्मनीत शिकायला जाणार आहे. नव्या शहरातले पहिले दिवस कसे असतात?

मी मास्टर्ससाठी आखेनला गेले, तेही सप्टेंबरअखेरीसच. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला टेकलेलं हे शहर. सगळ्यात आधी अंगावर आली ती तिथली शांतता.

दापोलीच्या एसटी स्टँडवर मला सोडायला अर्धी आळी आली होती. आखेनला ट्रेनमधून उतरून बसने खोलीवर पोचेपर्यंत माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. बस भरलेली होती, पण मोबाईल वाजत नव्हता, हॉर्न नाही, गप्पा नाहीत. त्या रात्री मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी गावात भटकताना एलिझेनब्रुनेनपाशी आले. खांबांची मोठी पांढरी वास्तू आणि आत गरम झऱ्याचं पाणी. जवळ जाताच गंधकाचा भपकारा आला. आमच्या उन्हवऱ्याच्या कुंडांचा हाच वास! लोक नाक मुरडून पुढे जात होते, मी मात्र तिथेच उभी राहिले. याच पाण्यासाठी रोमन लोक इथे आले, पुढे शार्लमेन राजानेही इथेच मुक्काम केला. 814 साली तो गेला, त्याला पुरलं ते जवळच्याच कॅथेड्रलमध्ये. अभ्यासाने डोकं शिणलं की पुढेही मी तिथेच जायचे.

रविवार मात्र आधीच समजून घ्या. दुकानं बंद असतात, म्हणून दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. पहिल्याच रविवारी मी सुक्या खोबऱ्याची चटणी करायला मिक्सर लावला आणि दारावर टकटक झाली. शेजारच्या आजी. त्यांना इंग्रजी येईना, मला जर्मन. त्या माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या, रविवारच्या चौकोनावर बोट ठेवलं, मग ते एक घर मागे शनिवारवर नेलं आणि मान डोलावली. रविवारी काचेच्या बाटल्यासुद्धा कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, खळखळाट होतो म्हणून. प्लास्टिकच्या बाटल्या तर फेकूच नका. बहुतेकींमागे 25 सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये बाटली घातली की पैसे परत मिळतात.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्याची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून पोचल्या दिवशीच मागे लागा. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा संध्याकाळी खोलीत एकटं बसू नका.

माणसं तुसडी नाहीत हो. गणितं सोडवायच्या तासाला शेजारी बसणारी मुलगी तीन आठवडे नुसती मान हलवायची. एकदा मीच धीर करून एक पायरी विचारली, तर तिने तास संपल्यावर थांबून, चार कागद भरून ते गणित मला पहिल्यापासून समजावलं.

आणि पहिलं लेक्चर! नव्वद मिनिटं सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. प्राध्यापकांनी आभार मानले आणि अचानक सगळी मुलं मुठीने बाकं ठोकू लागली. मी दचकलेच. इथे टाळ्यांऐवजी बाकं वाजवतात, हे मला त्या मुलीने नंतर सांगितलं. त्या दिवशी मात्र काही न कळताच मीही वाजवलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा मला मोकळं वाटलं.